म्हैस, डॉल्फिन आणि बालाजीचा ताप

म्हैस निर्दोष निघाली आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत सुभद्राबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. अहमदपूरजवळच्या एका खेड्यातून त्या म्हशीचं रक्त घेऊन आल्या होत्या. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरने ते काढून दिलं होतं आणि बाईंनी ते चहाच्या थर्मासात बर्फ घालून आणलं होतं. त्या थर्मासात नंतर चहा भरला गेला का, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

"मावशी, तुमची म्हैस एकदम चांगली आहे," मी म्हटलं. "तिला काही रोग नाही."

त्यांनी दातात धरलेला पदर सोडला. "बघा! म्या म्हनलं नव्हतं? लई गरीब जनावर हाय ते. आमची सून तिला बाजार दाखवायला निघाली व्हती. म्हनं हिच्यापायीच मालकाला ताप लागला."

एवढा आनंद झाला, आणि लगेच चेहरा उतरला. "मंग बाई, माझ्या लेकराला झालंय तरी काय?"

पुढे कुणी दचकू नये म्हणून माझ्या कामाबद्दल आधीच सांगते. मी जनावरांची डॉक्टर. माझा खास विषय गाभडणं. गाय, म्हैस, शेळी मुदतीआधीच पिल्लू टाकते त्याला गाभडणं म्हणतात. ते का झालं हे मी रक्तावरून आणि वारेवरून, म्हणजे पिल्लामागून पडणाऱ्या झारीवरून, शोधते. हा विषय चारचौघांत सांगायची सोय नाही. एकदा निलंग्याच्या एसटीत एका आजोबांनी मला ओळखलं आणि भर गाडीत ओरडले, "त्या बाईला जागा द्या रे, गाभडायच्या डॉक्टर हाईत त्या!" मला जागा ताबडतोब मिळाली. शेजारचीही रिकामी झाली.

गाभडण्यामागे पुष्कळदा ब्रुसेला नावाचा जिवाणू असतो. चोरच, पण अगदी सभ्य. म्हशीला ताप नाही, खोकला नाही, ती खाऊन-पिऊन मजेत. हा मात्र गुपचूप गर्भाशयात जाऊन बसतो आणि एक दिवस रेडकू मेलेलं पडतं. त्या रेडकात, त्या वारेत, त्या पाण्यात तो ठासून भरलेला असतो. ते उघड्या हातांनी उचललं किंवा न तापवलेलं दूध प्यालं की तो माणसात शिरतो. मग संध्याकाळी ताप चढतो, पहाटे अंथरूण घामाने भिजवून उतरतो. सकाळी दवाखान्यात जावं तर ताप नाही. सुरुवातीला डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत, पुढे घरचे ठेवत नाहीत, आणि शेवटी खुद्द रोग्यालाच वाटायला लागतं की आपण सोंग करतोय.

तो ओळखायची आमची पहिली चाचणी इतकी साधी आहे की पाहुण्यांसमोर करायला संकोच वाटतो. मेलेले जिवाणू गुलाबी रंगात रंगवलेले असतात. पांढऱ्या प्लेटवर रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब ठेवायचा. शेजारी त्या गुलाबी औषधाचा एक थेंब. दोन्ही काडीने मिसळायचे आणि प्लेट पाळण्यासारखी हलवत राहायची. त्या शरीराची ब्रुसेलाशी कधी गाठ पडली असेल तर गुलाबी दाणे एकमेकांना चिकटतात, दूध नासल्यासारखे. नसेल तर थेंब गुळगुळीत राहतो, गुलाबाच्या सरबतासारखा.

सुभद्राबाईंच्या म्हशीचं सरबत राहिलं होतं.

"लेकरू कुठंय?" मी विचारलं.

"भाईर. जीपमदी."

लेकरू म्हणजे तिशी ओलांडलेला, कुस्तीगिराच्या खांद्यांचा बालाजी. लिंबाच्या सावलीत लावलेल्या जीपच्या मागच्या सीटवर तो घडी घातल्यासारखा पडला होता. मला बघून उठायला गेला आणि कमरेत कळ येऊन अर्ध्यावरच थांबला.

"पडून राहा. कधीपासून ताप आहे?"

"लई दिवस झाले, मॅडम. पहिल्यांदा टायफॉईड म्हनले. मंग डेंगू म्हनले. आता मणक्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. दोन मणके सुजलेत. टीबी असंल म्हनून राहिलेत. सोमवारपासून औषध चालू करणार. डाव्या पायाला मुंग्या बी येऊन राहिल्यात."

सुभद्राबाई मध्येच म्हणाल्या, "त्याच्या घामाला वास येतो, बाई. ओल्या कडब्यावानी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कॉलेजात असताना पुस्तकात वाचलं होतं की ह्या रोगात घामाला भिजलेल्या गवताचा वास येतो. लिहिणाऱ्याची हौस, असं म्हणून मी ते ओलांडून पुढे गेले होते.

"अजून कुठे दुखतं, बालाजी?"

त्याने आईकडे बघितलं. मग जीपच्या टपाकडे बघितलं. मी सुभद्राबाईंना म्हटलं, "मावशी, आत जाऊन जरा पाण्याची बाटली आणता का?" त्या गेल्या.

"बोल आता. मी रोज बैल तपासते. लाजायचं कारण नाही."

"मॅडम, बैलाचं असतं तिथंच," तो टपाशी बोलला. "एका बाजूला सूज हाय."

बैलाला ब्रुसेला झाला की सूज नेमकी तिथे येते. ताप तोच, घाम तोच, कंबर तीच, सूजही तीच. सगळे साक्षीदार एकाच चोराकडे बोट दाखवत होते, आणि ज्या म्हशीच्या घरातून तो आला असं सगळे धरून चालले होते ती म्हैस मात्र साफ सुटली होती.

"कच्चं दूध पितोस?"

"घरी असलो तर पिईन ना. म्या तर वर्षभर तिकडं असतो. वनरक्षक हाय म्या. रत्नागिरीकडं. समुद्राच्या कडंला."

आमच्या भागात हे नवीन नाही. आमची पोरं भरतीच्या जागा बघत बघत कोकणात पोचतात. कुणी शाळेवर, कुणी पोलिसात, कुणी जंगलखात्यात. भाकरीच्या मुलखातला माणूस भाताच्या मुलखात जातो, पहिली दोन वर्षं पोट बिघडतं, मग रुळतो.

"तिकडे कुठल्या जनावराला हात लावलास?"

"जनावर कुठलं, मॅडम. तिथं सगळे मासेच." तो थांबला. "एक मासा व्हता. म्हंजे मासा न्हवता तो."

आणि त्याने जे सांगितलं ते ऐकताना मी जीपच्या दाराला धरून उभी होते. उन्हाने दार तापलं होतं हे मला नंतर हात चुरचुरला तेव्हा कळलं.

"सकाळी फोन आला, किनाऱ्याला डॉल्फिन लागलाय म्हनून. गेलो. वाळूत पडली व्हती. हाव, मादीच. जित्ती. श्वास सोडायची तर भात्यावानी आवाज. गावातले लोक लांब उभे. कुनी पुढं होईना. आन् मॅडम, तिच्या मागून एक बारकं शेपूट भाईर आलेलं. मला वाटलं, अडलीय."

"मग?"

"आपल्याकडं रेडकू पुढचे पाय आन् तोंड घेऊन येतं. उलटं आलं की धडगत न्हाई. हे तर शेपटीकडून आलेलं! म्हनलं, आता गुदमरंल. बाह्या सारल्या, कोपरापर्यंत हात घातला आन् वढलं."

मी कपाळाला हात लावला. डॉल्फिनचं पिल्लू शेपटीकडूनच जन्मतं. पाण्यात जन्मायचं असतं, डोकं आधी आलं तर श्वास घ्यायच्या आधीच बुडेल. डॉल्फिनसाठी जे सरळ, ते आमच्या बालाजीला उलटं दिसलं. कोकणातला माणूस हे कधी करणार नाही. पुण्याचा माणूस आधी व्हिडिओ काढेल. अडलेली म्हैस बघून ज्याचे हात मेंदूला न विचारता पुढे होतात, असा आमच्याकडचाच गडी समुद्राच्या काठी गुडघे टेकून डॉल्फिनचं बाळंतपण करायला बसू शकतो.

"हातमोजे घातले होते?"

"म्हशीला कोन घालतं, मॅडम?"

"पिल्लू निघालं?"

"निघालं. मेलेलं." तो सीटच्या फाटक्या कव्हरशी चाळा करत राहिला. "मॅडम, माझ्या वढन्यानं मेलं असंल का वो ते?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग विचारलं, "हे तू कुठल्याच डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"वन्यजीव हाय ते. असा हात घालायचा नसतो. साहेबांनी नोटीस काढली असती. आन् डॉक्टर लोक इचारतात, घरी जनावरं हाईत का. म्हैस हाय म्हनलं. डॉल्फिन कुठं घरी असतो?"

खरंच की. डॉल्फिन कुठे घरी असतो?

आता मला काय वाटलं ते सांगते. ब्रुसेलाची एक जात समुद्रात असते हे मी वाचलं होतं. किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांमध्ये ती जगात बऱ्याच ठिकाणी सापडली आहे. कधी ती मेंदूत उतरते, मग डॉल्फिनचं पोहणं बिघडतं आणि तो भरकटून वाळूवर येतो. कधी ती गर्भाशयात बसते आणि डॉल्फिन गाभडते. होय, डॉल्फिनही गाभडते. माणसाला ही जात लागल्याची उदाहरणं फारच थोडी. हे सगळं मी वाचलं होतं, जसं आपण चंद्रावरच्या खड्ड्यांबद्दल वाचतो. समुद्र माझ्यापासून सातआठ तासांवर. एका उन्हाळ्यात आमच्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं. त्या शहरात, लिंबाखाली, अहमदपूरच्या जीपमधून समुद्राचा रोग माझ्या दारात येऊन उभा राहिला होता.

आणि त्याहून मोठी गंमत अशी, की डॉल्फिन आपल्या गुराढोरांची नातलग आहे. फार जुन्या काळी तिचे पूर्वज जमिनीवर चालत होते, पायांना खूर होते. मग ते पाण्यात गेले. पाय गेले, खूर गेले, केस गेले. गेलं नाही ते एवढंच: अजून हवा लागते, अजून पोटात अनेक कप्पे असतात, अजून पिल्लाला दूध पाजतात. आमच्याकडच्या गोठ्यात आणि अरबी समुद्रात एकाच घराण्यातला जिवाणू तेच करतो, त्याच जागी बसतो, तसंच पिल्लू टाकायला लावतो. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

सुभद्राबाई पाणी घेऊन आल्या. मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे ती आमच्या म्हशीची जाऊबाईच म्हना की."

"लांबची, मावशी. फार लांबची."

"लांबची असली तरी रोग घरचाच निघाला."

पण काटा येऊन भागत नाही. सोमवार जवळ होता. आणि इथे एक खुबी आहे. टीबीच्या औषधांपैकी एक औषध ब्रुसेलालाही थोडंफार झोडपतं. म्हणजे चुकीचे उपचार सुरू केले तरी ताप थोडा उतरला असता, सगळ्यांनी 'टीबीच होता' म्हणून मान डोलावली असती, आणि ब्रुसेला मणका पोखरत बसला असता. पायाच्या मुंग्या पुढे कुठल्या वळणावर जातात ते मी जनावरांत पाहिलं आहे. मागच्या पायांवर उभं न राहणारं जनावर पाहिलं आहे.

मी माझ्या एका वर्गमैत्रिणीला फोन लावला. विद्या त्याच किनारपट्टीवर जनावरांची डॉक्टर आहे. किनाऱ्याला काही मोठं लागलं की जंगलखातं तिलाच बोलावतं.

"विद्या, मध्यंतरी तुझ्याकडे गाभडलेली डॉल्फिन लागली होती का?"

"लागली होती! तुला कोणी सांगितलं? मी पोचले तेव्हा पिल्लू बाहेर पडलेलं होतं. दुपारपर्यंत ती पण गेली गं."

"पिल्लू पडलं नव्हतं. आमच्याकडचा एक वनरक्षक आहे, बालाजी, त्याने ओढलं."

पलीकडे खो खो हसू. "तो पैलवान तुमच्याकडचा? लोक मला सांगत होते, एकाने हात घातला, समुद्रात हात धुतले आणि जीपमध्ये बसून गेला. मला वाटलं लोक चढवून सांगतायत."

"तिचं रक्त काढलं होतंस?"

"शेपटीतून काढलं होतं. सीरम फ्रीजरमध्ये आहे. ब्रुसेलाची तपासणी करायला आमच्याकडे औषध कुठंय?"

"माझ्याकडे बाटल्या भरून आहे. पाठव."

मग परवानगी. डॉल्फिन संरक्षित जीव, तिच्या रक्ताचा थेंबही जंगलखात्याच्या कागदाशिवाय हलत नाही. विद्याने खात्याला सगळं खरं सांगितलं. बालाजीच्या साहेबांनी नोटीस काढली नाही, परवानगीचं पत्र काढलं, आणि तेही त्याच दिवशी. मला ह्या प्रकरणात सगळ्यात अविश्वसनीय डॉल्फिन वाटत नाही, हे पत्र वाटतं.

आता आमचे साहेब. प्रयोगशाळेचे प्रमुख. अतिशय सज्जन माणूस, पण नियमाबाहेर एक पाऊल टाकायचं तर आधी चप्पल पुसून घेणार.

"मॅडम, आपल्या रजिस्टरला गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर एवढेच कप्पे आहेत. हिला कुठे बसवू?"

"'इतर'मध्ये, सर."

"'इतर'मध्ये आपण कुत्री घालतो."

"मग कुत्र्यांशेजारी बसवा. ती आता काही बोलणार नाही."

"आणि माणसाचं रक्त मी आत येऊ देणार नाही. ती आपली हद्द नाही."

हे त्यांचं बरोबर होतं. माझी हद्द म्हशीपर्यंत. म्हणून मी डॉ. काझींकडे गेले. काझी लातूरचे जुने फिजिशियन. त्यांच्या दवाखान्यात अर्धा जिल्हा बसलेला असतो आणि ते प्रत्येकाशी असं बोलतात जणू तो एकटाच आला आहे. मी त्यांना म्हशीपासून सुरुवात करून डॉल्फिनपर्यंत आणलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"मॅडम," ते डोळे न उघडता म्हणाले, "तीस वर्षं मी विचारतोय, घरात गुरं आहेत का? समुद्रात हात घातला का, हे एकदाही विचारलं नाही. क्या बात है."

त्यांनी मणक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"डॉल्फिन? लातुरात?"

"डॉल्फिन लातुरात नाही. बालाजी लातुरात आहे."

तिकडून आलं, "काझीसाहेब, टीबीची औषधं थोडी पुढे ढकलतो, पण पायातली ताकद कमी झाली तर मी थांबणार नाही. तोवर तुम्ही काय ते शोधा."

काझींनी बालाजीला भरती करून घेतलं. त्याचं रक्त नियमाप्रमाणे मोठ्या लॅबला पाठवलं. स्वतःच्या दवाखान्यातल्या लॅबलाही त्यांनी रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या. अशा बाटल्यांत जिवाणू वाढवतात आणि काही उगवलं नाही की टाकून देतात. ब्रुसेला आळशी, निवांत उगवतो. काझींनी लॅबच्या मुलांना बजावलं, बाटली टाकायची नाही, आणि जिवाणू अडवणाऱ्या बंद कपाटाबाहेर उघडायची नाही. हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या माणसांना फार सहज लागतो. नाक खुपसून वास घ्यायला जाल तर रोगी व्हाल.

मग एक थेंबभर सीरम, दवाखान्याचं पत्र आणि बालाजीची लेखी संमती घेऊन ते स्वतःच आमच्याकडे आले. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "अहवालावर माझी सही होणार नाही."

"नकोच आहे," काझी म्हणाले. "मला फक्त बघायचंय."

साहेबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "बघायला मला पण हरकत नाही."

कोकणातला खोका खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला. ड्रायव्हर तो माझ्या हातात देताना म्हणाला, "मॅडम, सुरमई हाय का पापलेट? वास कसा काय न्हाई?" मी म्हटलं, बर्फ चांगला आहे. त्याने मला मोठी शौकीन समजून सलाम ठोकला.

हातमोजे, मास्क, बंद कपाट. काचेआड एक पांढरी प्लेट. मी तिच्यावर थेंब ठेवत गेले. एक नक्की रोगी ठरलेल्या गाईचा. एक नक्की निरोगी गाईचा, म्हणजे औषध खरं बोलतंय की नाही ते कळावं. मग सुभद्राबाईंच्या म्हशीचा, परत एकदा. मग डॉल्फिनचा. मग बालाजीचा. सगळे थेंब सारखेच दिसत होते. पिवळसर, पारदर्शक. कुठला खुराचा, कुठला परांचा, कुठला पायजम्याचा, सांगता येणार नाही. शेजारी गुलाबी थेंब ठेवले, काडीने मिसळले आणि प्लेट हलवायला लागले.

माझ्या मागे तीन श्वास ऐकू येत होते. साहेब, काझी आणि बहुतेक मीच.

रोगी गाईचा थेंब नासक्या दुधासारखा फाटला. निरोगी गाय गुळगुळीत राहिली. म्हैस गुळगुळीत, सरबत. आणि मग डॉल्फिनच्या थेंबाच्या कडेला एक बारीक वाळूसारखी रेघ उमटली. मी हलवत राहिले. रेघ आत सरकली. गुलाबी पाणी निवळ झालं आणि दाणे दाट होऊन बसले. त्याच वेळी तिच्या शेजारी बालाजीचा थेंब फाटत होता. तशीच कड, तसेच दाणे.

हजारो वेळा मी ही प्लेट हलवली असेल. गुरांच्या मालकांनी, डेअरीच्या मॅनेजरांनी, विद्यार्थ्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं असेल. मला कधी ती प्लेट एवढी मोठी वाटली नव्हती. तळहाताएवढ्या त्या पांढऱ्या तुकड्यावर गोठा होता, समुद्र होता आणि माणूस होता, आणि एक गुलाबी थेंब तिघांनाही एकच प्रश्न विचारत होता. तो प्रश्न विचारताना त्याला कुणाच्या पायांची संख्या बघावी लागत नव्हती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "हिला 'इतर'मध्ये नको टाकायला." आणि पट्टी घेऊन रजिस्टरला नवा कप्पा आखायला निघून गेले.

काझींनी तिथूनच फोन केला. टीबीची औषधं सुरू व्हायच्या आधीच रद्द झाली. ब्रुसेलाची सुरू झाली. दोन-तीन औषधं एकत्र, आणि महिनोन्महिने, कारण मणक्यातून ह्याला काढणं म्हणजे जुन्या भाडेकरूला घराबाहेर काढण्यासारखं आहे. नुसती चाचणी म्हणजे पुरावा नव्हे. ती फक्त सांगते की ह्या शरीराची ह्या चोराशी ओळख आहे. पण पुढे मोठ्या लॅबचा अहवाल तोच आला. काझींच्या लॅबमधल्या टाकून न दिलेल्या बाटलीतही जिवाणू उगवला. तो जनुकांच्या तपासणीला बाहेर गेला, आणि विद्याने पिल्लाच्या पोटातून काढून ठेवलेला नमुनाही गेला. उत्तर आलं: दोन्ही एकच, आणि समुद्रातल्याच जातीचे. गोठ्याचा ह्यात काही संबंध नव्हता.

बालाजीचा ताप आधी एक संध्याकाळ चुकला. मग दोन चुकल्या. पायाच्या मुंग्या हळूहळू ओसरल्या. घामाचा वास गेल्याची बातमी सुभद्राबाईंनी मला फोनवर दिली. सूज कुठली गेली ते त्यांना माहीत नव्हतं, ते बालाजीने काझींना सांगितलं.

तो स्वतः एसटीने मला भेटायला आला. ताठ उभा. पेढे घेऊन. पण पेढे टेबलावर ठेवून तो बसला नाही.

"मॅडम, तुम्ही मागं सांगितलं न्हाई. ते पिल्लू..."

ह्या वेळी मला माहीत होतं. विद्याने पिल्लाचं शवविच्छेदन केलं होतं. जन्मल्यावर एकदा जरी श्वास घेतला तर फुप्फुसात हवा जाते आणि त्याचा तुकडा पाण्यावर तरंगतो. त्या पिल्लाच्या फुप्फुसाचा तुकडा तळाशी गेला होता. कातडीही सुटायला लागली होती. ते आईच्या पोटातच मेलं होतं, बालाजी किनाऱ्यावर पोचायच्या कितीतरी आधी.

मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने ते नीट समजून घेतलं. फुप्फुसाचं परत एकदा विचारलं. मग खुर्ची ओढून बसला आणि एवढा मोठा गडी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी पेढ्यांचा बॉक्स उघडला. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरला दुसरं काय येतं?

नंतर मी त्याला हातमोज्यांवरून यथेच्छ झापलं. त्याची गरज नव्हती म्हणे. त्याच्या साहेबांनी त्याला शिक्षाच तशी दिली होती. किनाऱ्यावर काही लागलं की लोकांना लांब ठेवायचं, आणि गावागावांत जाऊन सांगायचं की उघड्या हाताने शिवू नका. तो सांगताना बाह्या सारून स्वतःचं कोपर दाखवतो, असं विद्या म्हणते. लोक मागे सरकतात.

माझ्यापुरता धडा साधा आहे. घरात जनावरं आहेत का, हा प्रश्न मी आता विचारत नाही. मी विचारते, गेल्या सहा महिन्यांत कुठल्या कुठल्या जीवाला हात लावलात? लोक विचारात पडतात, बोटं मोजतात, आणि अशा अशा गोष्टी बाहेर येतात की मी थक्क होते. परवा उदगीरच्या एका काकांना हाच प्रश्न केला. त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवून सांगितलं, "हिला तर न्हाईच लावला, हात झटकून देती." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं उत्तर, म्हणजे गाभडलेल्या शेळीची वार आपण उघड्या हाताने उकिरड्यावर टाकली होती, ते त्यांनी न विचारताच देऊन टाकलं.